एक मजकूर, अनेक आवृत्त्या: जोडलेल्या डॉक्युमेंट्समधला कंडिशनल मजकूर, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकाच मजकुरातून दोन-चार वेगळी डॉक्युमेंट्स काढायची असतात आणि तो मजकूर एका फाइलमध्ये नसून एकमेकांना जोडलेल्या बऱ्याच फाइल्समध्ये पसरलेला असतो, अशा कामाबद्दलचे हे प्रश्न आहेत. उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवलंय म्हणजे गोंधळ नको: एका पंपाचं मॅन्युअल, पंपाची मॉडेल्स दोन, साधं आणि हेवी ड्यूटी, वाचणारे दोन प्रकारचे, ऑपरेटर आणि टेक्निशियन, आणि आउटपुट प्रिंट किंवा ऑनलाइन.

कंडिशनल मजकूर म्हणजे काय, आणि फाइल्स जोडल्या की त्यात वेगळं काय होतं?

मजकुराच्या तुकड्यावर खूण करायची की हा फक्त टेक्निशियनसाठी, हा फक्त हेवी ड्यूटीसाठी, आणि आउटपुट काढताना सॉफ्टवेअरला सांगायचं की आत्ता ऑपरेटरची आवृत्ती हवीय, मग नको तेवढं ते गाळतं. एका फाइलमध्ये हे सोपंच आहे. फाइल्स जोडल्या की खरी गंमत सुरू होते कारण खुणा एकीकडे असतात, दाखवा-लपवाचं सेटिंग दुसरीकडे, आणि फ्रेममेकर किंवा इनडिझाइनसारख्या सॉफ्टवेअरमध्ये हे सेटिंग प्रत्येक फाइल स्वतःपाशी ठेवते. पहिल्या चॅप्टरमध्ये तुम्ही टेक्निशियनचा मजकूर लपवला म्हणून सातव्या चॅप्टरमध्ये तो लपला असं होत नाही, तो तिथे उघडाच असतो आणि पुस्तक एकत्र काढलं की ऑपरेटरच्या हातात आतली वायरिंग उघडायच्या सूचना जातात. त्यामुळे माझा आग्रह एकच: खूण मजकुरावर करा, पण काय दाखवायचं हा निर्णय एकाच जागी घ्या. खालची बहुतेक उत्तरं याच गोष्टीकडे येतात.

फ्रेममेकरमध्ये बुक फाइल आहे, मग सगळ्या चॅप्टर्सचं सेटिंग आपोआप एक होत नाही का?

नाही होत. बुक फाइल चॅप्टर्सचा क्रम आणि नंबरिंग सांभाळते, कंडिशन टॅग, म्हणजे मजकुरावर लावायच्या त्या खुणा, मात्र प्रत्येक चॅप्टरचे वेगळे. दोन रस्ते आहेत. एक, बुक विंडोमध्ये सगळे चॅप्टर सिलेक्ट करून तिथूनच दाखवा-लपवा करायचं. दुसरा, आणि मला तो जास्त भरवशाचा वाटतो, एक छोटी सेटिंगची फाइल ठेवायची ज्यात मजकूर काहीच नाही, फक्त सगळे टॅग आणि कुठले दिसणार कुठले नाही एवढंच, आणि इम्पोर्ट फॉरमॅट्समधून फक्त कंडिशनल टेक्स्ट सेटिंग्ज टिक करून ती सगळ्या बुकवर लावायची. ऑपरेटरसाठी एक फाइल, टेक्निशियनसाठी एक. फक्त एवढं लक्षात ठेवा की इम्पोर्ट केल्यावर त्याच नावाच्या टॅगची व्याख्या बदलते पण चॅप्टरमध्ये जे जादाचे टॅग आधीपासून आहेत ते जात नाहीत, तसेच राहतात, त्यामुळे कोणीतरी पूर्वी टेस्टसाठी बनवलेला टॅग वर्षानुवर्षं आत बसलेला असतो.

इनडिझाइनमध्ये?

कंडिशनल टेक्स्ट सीएस४ पासून म्हणजे २००८ पासून आहे. बुक पॅनलमध्ये सिंक्रोनाइझ ऑप्शन्स उघडा, तिथे कंडिशनल टेक्स्ट सेटिंग्ज टिक आहे ना बघा, आणि ज्या डॉक्युमेंटला स्टाइल सोर्स केलंय, म्हणजे बाकीची ज्याची सेटिंग्ज उचलतात, तेच सगळ्यात नीट ठेवा. कंडिशन सेट नावाची सोय पण वापरा, म्हणजे 'ऑपरेटर-प्रिंट' असा सेट निवडला की सगळे टॅग एकदम हवे तसे लागतात, एकेक टॅगचं डोळ्याचं चिन्ह उघड-बंद करत बसायला नको, कारण हाताने आठ टॅग लावताना एखादा चुकतोच.

एकाच मजकुराला दोन खुणा असतील तर कोण जिंकतं?

प्रत्येक टूलचा नियम वेगळा आहे आणि बरेच जण हे न तपासता दुसऱ्या टूलवर जातात, म्हणून जरा सविस्तर.

फ्रेममेकर आणि इनडिझाइनमध्ये साधं दाखवा-लपवा वापरलं तर मजकुराला लावलेल्या टॅगपैकी एक जरी दिसत असेल तर मजकूर दिसतो. म्हणजे एका सूचनेला 'टेक्निशियन' आणि 'हेवी ड्यूटी' असे दोन टॅग लावले आणि तुमच्या मनात होतं की ही फक्त हेवी ड्यूटीच्या टेक्निशियनसाठी, तर तसं होणार नाही. हेवी ड्यूटीच्या ऑपरेटरला पण ती दिसेल. 'दोन्ही असतील तरच' असं हवं असेल तर फ्रेममेकरमध्ये त्यासाठी एक्स्प्रेशन लिहायची सोय आहे, ती व्हर्जन ८ मध्ये २००७ साली आली. इनडिझाइन वापरत असाल तर 'हेवी ड्यूटी टेक्निशियन' असा तिसरा टॅगच बनवा, सुटसुटीत पडतं.

डिटा, म्हणजे तांत्रिक मजकूर छोट्या-छोट्या एक्सएमएल फाइल्समध्ये लिहायचं स्टँडर्ड, त्यात उलट विचार आहे. तिथे खुणा ॲट्रिब्यूटमध्ये, म्हणजे तुकड्याला जोडलेल्या गुणधर्मांमध्ये जातात, ऑडियन्स वेगळा, प्रॉडक्ट वेगळा, प्लॅटफॉर्म वेगळा, आणि काय गाळायचं ते डिटाव्हॅल फाइलमध्ये लिहितात. एकाच ॲट्रिब्यूटमध्ये दोन किमती (व्हॅल्यू) असतील, समजा ऑडियन्समध्ये ऑपरेटर आणि टेक्निशियन दोन्ही, तर दोन्ही गाळल्या तरच तो तुकडा जातो. पण वेगवेगळ्या ॲट्रिब्यूट्सपैकी कुठलाही एक पूर्ण गळला की तुकडा गेलाच, बाकीचे काहीही म्हणोत. म्हणजे आधीच्या उदाहरणात ऑडियन्सला टेक्निशियन, प्रॉडक्टला हेवी ड्यूटी असं लिहिलं की 'दोन्ही असतील तरच' हे आपोआप मिळतं.

ॲस्कीडॉक, म्हणजे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये खुणा टाकून लिहायची पद्धत, त्यात तुम्ही स्वतः ठरवता, अटीतल्या नावांमध्ये स्वल्पविराम दिला तर कुठलंही एक चालतं आणि अधिकचं चिन्ह दिलं तर सगळी लागतात.

टॅगच्या स्पेलिंगमध्ये चूक झाली तर?

हा प्रश्न जेवढा विचारला जायला हवा तेवढा विचारला जात नाही. डिटामध्ये डिटाव्हॅल फाइलमध्ये ज्या किमतीबद्दल काहीच लिहिलं नाही ती ठेवायची असा मूळ नियम आहे. आता कोणी ऑडियन्समध्ये 'टेक्निशियन' ऐवजी एक अक्षर गाळून काहीतरी टाइप केलं, तर ऑपरेटरच्या आवृत्तीत 'टेक्निशियन' गाळलं जाईल पण हा तुकडा गाळला जाणार नाही कारण ती किंमत यादीतच नाही. एरर नाही, वॉर्निंग नाही, मजकूर सगळ्या आवृत्त्यांमध्ये जातो. ॲस्कीडॉकमध्ये बरोबर उलटं, नाव चुकलं तर ती अट कधीच खरी ठरत नाही आणि तुकडा कुठल्याच आवृत्तीत येत नाही, तोही गुपचूप. एकात नको ते बाहेर जातं, दुसऱ्यात हवं ते गायब होतं, आणि दुसरं शोधणं जास्त अवघड कारण जे पानावर नाही ते प्रूफ वाचणाऱ्याला खटकत नाही.

उपाय आहेत. डिटामध्ये सब्जेक्ट स्कीम मॅप बनवून कुठल्या किमती चालतात त्याची यादी पक्की करता येते, म्हणजे एडिटर लिहिणाऱ्याला निवडायला यादीच देतो, टाइप करायला लावत नाही. डिटाव्हॅलमध्ये मूळ नियमच उलटवून 'सांगितलं नाही ते गाळा' असंही करता येतं, गोपनीय मजकूर असेल तर मी हेच सुचवेन. मॅडकॅप फ्लेअर या मॅन्युअल लिहायच्या टूलमध्ये टॅग सेटमधून निवडायचे असतात त्यामुळे हा त्रास मुळातच कमी.

वाक्यातल्या एका शब्दाला कंडिशन लावली तर चालते का?

इंग्रजीत एकवेळ चालून जातं, मराठीत शक्यतो नकोच. समजा साध्या मॉडेलला 'व्हॉल्व्ह' आहे आणि हेवी ड्यूटीला त्या जागी 'झडप', आणि तुम्ही फक्त तो शब्द बदलता ठेवला. 'नवीन व्हॉल्व्ह बसवला की तो घट्ट करा.' दुसऱ्या आवृत्तीत हेच 'नवीन झडप बसवला की तो घट्ट करा' होतं. क्रियापद गेलं, सर्वनाम गेलं. विभक्ती लागली की आणखी पंचाईत, 'पाइपाला' मधला 'पाइप' बदलून 'नळी' टाकली तर 'नळीाला' असलं काहीतरी पानावर उमटतं. मग माणूस क्रियापदाला पण कंडिशन लावतो, सर्वनामाला पण, आणि एका वाक्यात सहा तुकडे होतात जे सोर्समध्ये कोणालाच वाचता येत नाहीत. भाषांतर करणाऱ्याकडे हे गेलं की तो डोक्याला हात लावतो, कारण त्याच्या भाषेत शब्दांचा क्रमच वेगळा असू शकतो.

त्यामुळे सगळ्यात लहान तुकडा पूर्ण वाक्य, आणि जमलं तर पूर्ण पॅराग्राफ किंवा पूर्ण स्टेप. तीच तीच वाक्यं दोनदा लिहावी लागतात हे खरंय, पण दोन पूर्ण वाक्यं शेजारी-शेजारी वाचता येतात, तपासता येतात.

लपवल्यावर रिकाम्या ओळी राहतात किंवा दोन पॅराग्राफ एकत्र चिकटतात, असं का होतं?

पॅराग्राफच्या शेवटी जी न दिसणारी खूण असते ती कंडिशनच्या आत आहे की बाहेर यावर सगळं अवलंबून. मजकूर सिलेक्ट केला पण शेवटची खूण राहिली, तर मजकूर लपतो आणि रिकामा पॅराग्राफ उरतो, यादी असेल तर नुसताच नंबर उरतो. उलट खूण आत गेली पण मजकुराचा काही भाग बाहेर राहिला तर तो उरलेला भाग पुढच्या पॅराग्राफला जाऊन चिकटतो. काम करताना लपलेल्या खुणा दिसायचा ऑप्शन चालूच ठेवा आणि पॅराग्राफवर तिहेरी किंवा चौपट क्लिक, जे तुमच्या टूलमध्ये पूर्ण पॅराग्राफ सिलेक्ट करत असेल ते वापरा, माउस ओढून सिलेक्ट करू नका. वाक्याला कंडिशन लावत असाल तर वाक्यानंतरची स्पेस पण त्यातच घ्या, आणि टीममध्ये सगळ्यांनी हीच एक पद्धत ठेवा, नाहीतर कुठे दोन स्पेस, कुठे एकही नाही.

बाहेरच्या फाइलमधून आणलेल्या मजकुरात स्वतःच्या कंडिशन असतील तर कोणाचं सेटिंग चालतं?

डिटामध्ये कॉनरेफने, म्हणजे दुसरीकडचा मजकूर संदर्भ देऊन आणायच्या सोयीने, एखादा तुकडा आणला, तर जिथे आणलाय त्या एलिमेंटवर (मजकुराच्या घटकावर) लिहिलेले ॲट्रिब्यूट मूळ तुकड्याच्या बाहेरच्या एलिमेंटवरच्या ॲट्रिब्यूटवर मात करतात. म्हणजे मूळ सूचनेवर 'टेक्निशियन' लिहिलंय आणि तुम्ही आणताना 'ऑपरेटर' लिहिलं तर ती ऑपरेटरची झाली. पण तिच्या आतल्या एलिमेंट्सवरच्या खुणा जशाच्या तशा येतात, आणि इथेच फसायला होतं: बाहेरची सूचना राहिली, आतली अर्धी गळली.

वर्डमध्ये इन्क्लूडटेक्स्ट फील्डने फाइल आणली तर तिच्यातली फील्ड्स साधारणपणे आणणाऱ्या डॉक्युमेंटमध्ये अपडेट होतात, पण त्या फील्डला उद्गारचिन्हाचा स्विच लावला की मूळ फाइलमध्ये ती आधी अपडेट झाल्याशिवाय इथे बदलत नाहीत. तुमची आयएफ फील्ड्स, म्हणजे अट बघून मजकूर दाखवणारी फील्ड्स, हट्टाने जुनंच दाखवत असतील तर आधी हा स्विच आहे का बघा. आणि कंट्रोल ए करून एफ ९ दाबलं की मुख्य मजकूर अपडेट होतो, हेडर-फुटर नाही, ते वेगळं उघडून करावं लागतं, त्यामुळे आत ऑपरेटर मॅन्युअल आणि वरच्या पट्टीवर टेक्निशियन मॅन्युअल असं छापलं जातं.

ॲस्कीडॉकमध्ये फाइल आत घेतली की ती तिथेच लिहिल्यासारखी वाचली जाते. त्या फाइलने एखादं ॲट्रिब्यूट बदललं तर ते पुढच्या सगळ्या फाइल्सना लागू होतं. म्हणून आवृत्ती ठरवणारी ॲट्रिब्यूट्स आतल्या फाइल्समध्ये कधीच लिहू नका, बिल्ड करताना, म्हणजे आउटपुट काढताना, कमांडमधून द्या, तिथून दिलेली किंमत फाइलमधली किंमत बदलू देत नाही. परत तेच, निर्णय एका जागी.

टूल कुठलंही असो, दोनच फाइल्सचा छोटा प्रयोग करा, एकीत कंडिशन असलेला पॅराग्राफ, दुसरीत त्याची लिंक, आणि दोन्हीकडे सेटिंग मुद्दाम उलटं ठेवा. कोण जिंकतं ते समोर दिसेल.

लपलेल्या भागाकडे जाणाऱ्या लिंकचं काय करायचं?

'तपशिलासाठी मोटर उघडणे हा भाग पहा' असं वाक्य ऑपरेटरच्या आवृत्तीत राहिलं आणि तो भाग गळला, की लिंक लोंबकळते. इनडिझाइनच्या क्रॉस-रेफरन्स पॅनलमध्ये लिंकचं टोक लपलेल्या मजकुरात असेल तर शेजारी एचटी अशी अक्षरं दिसतात, तेवढं प्रत्येक आवृत्ती काढताना बघायचंच. सरळ नियम म्हणजे जी खूण टोकाला, तीच खूण लिंकच्या पूर्ण वाक्याला.

डिटामध्ये यापेक्षा चांगला रस्ता आहे. लिंक थेट फाइलला न देता की-ला, म्हणजे एका ठरवलेल्या नावाला द्यायची, आणि मॅपमध्ये, म्हणजे टॉपिक्सच्या (डिटातल्या छोट्या फाइल्सच्या) यादीच्या फाइलमध्ये, त्या एकाच की-च्या दोन व्याख्या ठेवायच्या, एक साध्या मॉडेलच्या टॉपिककडे जाणारी आणि एक हेवी ड्यूटीच्या, प्रत्येकीवर प्रॉडक्टची खूण. फिल्टर झाल्यावर एकच व्याख्या उरते आणि लिंक बरोबर जागी जाते, मजकुरात काहीच कंडिशन लावावी लागत नाही. दोन्ही उरल्या तर पहिली जिंकते, म्हणून क्रमाकडे लक्ष असू द्या.

एकाच पुस्तकात एक चॅप्टर दोनदा, दोन वेगळ्या फिल्टरने टाकता येतो का?

डिटा १.३ मध्ये येतो, त्याला ब्रँच फिल्टरिंग म्हणतात, मॅपच्या त्या फांदीला स्वतःची डिटाव्हॅल जोडायची. हे व्हर्जन २०१५ च्या डिसेंबरमध्ये आलं. आधीच्या व्हर्जनमध्ये पूर्ण आउटपुटला एकच फिल्टर होता. बाकीच्या बऱ्याच टूल्समध्ये त्या चॅप्टरची वेगळी प्रत करण्यावाचून इलाज नाही.

कंडिशन आणि व्हेरिएबल यात काय निवडू?

फक्त नाव, नंबर, व्हर्जन बदलत असेल तर व्हेरिएबल. काही असणं-नसणं बदलत असेल तर कंडिशन. व्हेरिएबलमध्ये नाव ठेवलंत तरी वर सांगितलेला लिंग-विभक्तीचा त्रास आहेच, त्यामुळे वाक्य असं फिरवा की नाव मूळ रूपातच येईल: 'मॉडेल: अमुक'.

टेबलमध्ये काय काळजी घ्यायची?

ओळींना कंडिशन लावा, कॉलमच्या वाटेला जाऊ नका. आणि ज्या ओळी लपणार आहेत त्यांच्यात उभे जोडलेले सेल ठेवू नका, जोडलेल्या सेलची वरची ओळ लपली की खालच्या ओळी एक घर सरकतात आणि आकडे भलत्याच शीर्षकाखाली जातात. टॉर्कचा आकडा प्रेशरच्या खाली गेला तर ते नुसतं दिसायला वाईट नाही, धोक्याचं आहे.

किती टॅग म्हणजे जास्त?

प्रत्येक टॅग चालू किंवा बंद, त्यामुळे ५ टॅगच्या ३२ जोड्या होतात आणि १० टॅगच्या १०२४. यातल्या खरोखर प्रकाशित होणाऱ्या चार-सहाच असतात. त्या जोड्या नावानिशी कुठेतरी लिहून ठेवा आणि फक्त त्याच तपासा. नवा टॅग मागितला की विचारा, यामुळे कुठली नवी आवृत्ती निघते? उत्तर नसेल तर टॅग नको.

'प्रिंट नाही' असले नकारार्थी टॅग पण टाळा. दोनच आउटपुट असताना ठीक वाटतात, उद्या मोबाइल ॲपचं तिसरं आउटपुट आलं की 'प्रिंट नाही' म्हणजे ऑनलाइन की ॲप की दोन्ही हे कोणालाच आठवत नाही. आणि एखाद्या चॅप्टरमध्ये अर्ध्याहून जास्त मजकूर कंडिशनखाली गेला असेल तर तो एक चॅप्टर राहिलेलाच नाही, दोन वेगळ्या फाइल्स करा आणि कंडिशन बुक किंवा मॅपच्या पातळीवर लावा, आत मजकूर स्वच्छ राहतो.

लपवलेला मजकूर ग्राहकाला सापडू शकतो का?

एडिट होणारी फाइल दिलीत तर नक्कीच. वर्डमधला हिडन टेक्स्ट, लिबरऑफिसमधला लपवलेला सेक्शन, इनडिझाइनमधली बंद कंडिशन, सगळं फाइलमध्ये जसंच्या तसं असतं आणि दोन क्लिकमध्ये उघडतं. लिबरऑफिसमध्ये सेक्शनला पासवर्ड लावता येतो पण त्याने मजकूर एन्क्रिप्ट होत नाही, अडखळायला होतं इतकंच. पांढऱ्या रंगात लिहून 'लपवणं' तर पीडीएफमध्येही कॉपी-पेस्ट केलं की बाहेर येतं. पासवर्ड, सर्व्हिस कोड, आतल्या नोट्स असलं काही असेल तर ते त्या फाइल्समध्ये कंडिशन लावून ठेवूच नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा जी ग्राहकाच्या बिल्डमध्ये जोडलेलीच नसते.

रिव्ह्यू करणाऱ्यांना काय पाठवायचं?

प्रत्येकाला त्याच्या आवृत्तीचं आउटपुट, आणि शिवाय एकाला तरी सगळं उघडं आणि रंगीत खुणांसकट. इनडिझाइनमध्ये इंडिकेटर्स, म्हणजे त्या रंगीत खुणा, 'दाखवा आणि छापा' असे ठेवता येतात, ते त्या एका प्रूफसाठी करा आणि लगेच परत बंद करा. रिव्ह्यूमध्ये पान किंवा सेक्शन नंबर न देता शीर्षक द्यायला सांगा, कारण ऑपरेटरच्या आवृत्तीतला ४.३ टेक्निशियनच्या आवृत्तीत ४.५ असू शकतो आणि दुरुस्ती चुकीच्या जागी होते.

वर्षानुवर्षं साचलेला पसारा हातात आलाय, सुरुवात कुठून करू?

मजकुराला हात लावायच्या आधी आज जशा आहेत तशा सगळ्या आवृत्त्यांची आउटपुट काढून बाजूला ठेवा, हीच तुमची मोजपट्टी. मग प्रत्येक फाइलमधल्या टॅगची यादी एका शीटमध्ये. 'टेक', 'टेक्निशियन', 'टेक-ओन्ली' असे एकाच अर्थाचे तीन टॅग निघतीलच, ते एकात आणा, पण एका वेळी एकच जोडी, आणि प्रत्येक बदलानंतर परत सगळी आउटपुट काढून जुन्याशी तुलना करायची. फरक शून्य यायला हवा. फरक आला तर थांबा, ते दोन टॅग कुठेतरी खरोखर वेगळ्या अर्थाने वापरलेत आणि ती जागा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. कुठल्याच आवृत्तीत न दिसणारा मजकूर शेवटी घ्या, आणि डिलीट करण्याआधी तो ज्याने लिहिला त्याला विचारा, बऱ्याचदा तो पुढच्या मॉडेलसाठी लिहून ठेवलेला असतो.